देर अल-मदीनामार्गे इन्साफताईकडे

हुरघाडा, ६ ऑक्टोबर

इन्साफताई,

डब्यात बसबूसा आहे. आमच्या हॉटेलच्या मिठाईवाल्याने केलेला, वर बदाम लावून. डबा माझा आहे आणि तो मला परत हवा आहे. आईने आपल्याला बाकी काही शिकवलं असेल-नसेल, पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढं तिने दोघींच्या डोक्यात चांगलं ठोकून बसवलंय. तेव्हा तू मला पत्र लिहू नकोस, फोन करू नकोस, माझं नावसुद्धा काढू नकोस. डब्यात काय घालायचं तेवढं बघ.

डबा घेऊन आलेत ते शाझलीकाका. आमच्या हॉटेलची लुक्सरची बस तेच चालवतात. माणूस तोंडाचा फटकळ आहे, पण मनाचा साफ. पाहुणे देवळं बघायला उतरले की काका बसच्या सावलीत पाय पसरून घोरतात, तेव्हा त्यांना तुझ्या दारापर्यंत पिटाळायला काहीच हरकत नाही. माझा नंबर दाजींनी तुझ्या फोनवर बंद करून टाकलाय, ते मला कळलंय. करू दे. फोन त्यांच्या हातात आहे, बसचा रस्ता नाही.

आता खरी बातमी. ताई, मला माझी स्वतःची सहल मिळाली!

तुला कळायचं नाही, म्हणून सांगते. इथे समुद्रावर पडून पडून भाजलेल्या वांग्यासारखी झालेली माणसं असतात ना, त्यांना चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम आठवतं की आपण इजिप्तमध्ये आलोय. मग ओल्या पायांनी माझ्या टेबलाशी येतात आणि विचारतात, "ते फराओ कुठे बघायला मिळतील? एका दिवसात होतील ना?" मी म्हणते, होतील. बस पहाटे निघते. कर्नाक, बुफे, राजांची दरी, हत्शेप्सूत राणीचं देऊळ, ते दोन मोठे पुतळे, अलाबास्टरचं दुकान, परत. दुसऱ्या दिवशी विचारावं, काय पाहिलं? म्हणतात, "फार ऊन होतं, पण बस थंड होती."

गेली कितीतरी वर्षं मी ही एकच सहल विकतेय. शेवटी परवा आमच्या मॅनेजर कामिलसाहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, साहेब, मला बारा माणसं द्या आणि लहान बस द्या. बुफे नको, दुकान नको. मी त्यांना देर अल-मदीना दाखवते, जिथे ती थडगी कोरणारी माणसं बायकापोरांना घेऊन राहत होती. मग मदीनत हाबूचं देऊळ. आणि मग शेजारच्या गावात कुणाच्या तरी घरी, जमिनीवर बसून, जेवण. कामिलसाहेब कैरोचे आहेत, त्यांना खेड्यात जेवायचं म्हटलं तरी पोटात कळ येते. बराच वेळ पेन चावत बसले. मग म्हणाले, "एकदा कर. जमलं तर तुझी सहल. नाही जमलं तर गपचूप परत होड्यांची तिकिटं विक."

जेवण कुणाच्या घरी ते अजून ठरलेलं नाही. मदीनत हाबूच्या मागच्या गावात घरं काय, पुष्कळ आहेत.

डबा विसरू नकोस.

रावया

*

हुरघाडा, १५ ऑक्टोबर

ताई, ताई, ताई,

उन्हात फुगवलेली भाकरी! आणि काकवी!

इथे हॉटेलात नाश्त्याला पावाचे सतरा प्रकार मांडलेले असतात आणि एकालाही चव नाही. मी डबा घेऊन चादरींच्या कोठारात गेले, दार लावलं, आणि गठ्ठ्यावर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. रडले नाही. बरं, थोडी रडले. काकवी घशाशी आली होती.

शाझलीकाकांनी सगळं सांगितलं. म्हणाले, "बहीण आहे की तोफ? कागदावर एक अक्षर लिहिणार नाही म्हणाली, आणि तोंडाने इतकं बोलली की माझा चहा गार झाला." मी विचारलं, काय बोलली? तर म्हणे, "त्या वेडीला सांगा, बसबूसात साखर जास्त होती. त्या वेडीला सांगा, वाळली असेल, नीट खात जा. त्या वेडीला सांगा, मी तिच्याशी बोलत नाही." ताई, तू माझ्याशी बोलत नाहीस ते फारच छान बोलतेस.

आता माझं ऐक. गेल्या पत्रात मी लिहिलं की घरं पुष्कळ आहेत. ते खोटं होतं. मी घर आधी ठरवलं आणि सहल मागून आखली. नकाशावर तुझ्या घरावर बोट ठेवलं आणि जवळपास काय काय जुनं आहे ते बघत गेले. देर अल-मदीना मिळालं, मदीनत हाबू तर तुझ्या गच्चीवरून दिसतंच. देवाची कृपा, की तू काही वाळवंटाच्या मधोमध दिली गेली नाहीस.

तुझ्या घरी बारा माणसांचं जेवण होईल का? तू रांधलेलं, तुझ्या ओसरीत.

मी आत येणार नाही. ते मी विसरलेले नाही. अबूदीशी दाजींनी जमवलेलं लग्न मोडून साखरपुड्याचं सोनं परत केलं आणि नोकरीला इथे आले, त्या दिवशी दाजी गल्लीत उभं राहून ओरडले होते, "रावयाने माझ्या घरात पाऊल टाकलं तर इन्साफला तलाक!" अख्ख्या गावाने ऐकलं. आपल्याकडे पुरुषांच्या तोंडी ही शपथ म्हणजे चहातली साखर. पाहुणा उठायला लागला की 'तलाकची शपथ, जेवल्याशिवाय जायचं नाही', भाव करताना 'तलाकची शपथ, परवडत नाही'. दाजी तर दिवसातून चार वेळा तुला सोडतात आणि रात्री तुझ्याच हातचं जेवतात. पण माझ्याबाबतीतली तेवढी एक शपथ मात्र दगडावर कोरल्यासारखी खरी झाली. आई तुझ्या घरात वारली तेव्हा बायका आत बसून रडत होत्या आणि मी उसाच्या शेताच्या बांधावर बसले होते. आत आले असते तर तुझा संसार मोडला असता. आईचं तोंड मी पाहिलं नाही, ताई. ते मला अजून खुपतं, आणि ते मी तुला लिहून टाकलं तेच बरं झालं.

लग्न मोडलं त्याचं मात्र मला काडीचं वाईट वाटत नाही. मी पस्तावेन म्हणून तूही उगाच वाट बघू नकोस. अबूदी चांगला माणूस आहे, त्याला चांगली बायको मिळाली, जुळी पोरं झाली, आता तोच गावभर हसत फिरतो म्हणे. रागावून बसलेत ते फक्त दाजी, ज्यांचं लग्न मोडलंच नव्हतं.

तेव्हा मी बसमध्येच बसणार. तू फक्त दारात ये, एकदा. मी काचेतून बघेन. एवढंच मला हवंय.

डब्यात यावेळी सुके मासे आहेत. दाजींना सांग, बाजारातून आणले.

रावया

*

हुरघाडा, २७ ऑक्टोबर

इन्साफ,

डबा रिकामा आला.

धुऊन, पुसून, झाकण लावून, रिकामा. आईला कळलं असतं तर तिने तुला अंगणात उभं केलं असतं. नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचंस, मला चार शिव्या पाठवायच्यास, मी त्या पण चाटून पुसून खाल्ल्या असत्या. दुसरं घर शोधते. घरं पुष्कळ आहेत.

रा.

*

हुरघाडा, ३० ऑक्टोबर

ताई गं,

मागचं पत्र चुलीत घाल. तुझा काहीच दोष नव्हता आणि मी मात्र तीन दिवस पाहुण्यांवर खेकसत फिरले. एका भल्या माणसाला मी डॉल्फिन नाहीत म्हणून सांगितलं. होते.

शाझलीकाका आज नीट बोलले. त्यांना आधी तोंड उघडायला काय झालं होतं कोण जाणे. म्हणे, "मला वाटलं तुला ठाऊक आहे." डबा तू दिलाच नाहीस, दाजींनी दिला! काका दाराशी आले, तू भाजीला गेली होतीस, आणि दाजी डबा घेऊन ओट्यावर बसलेले. मासे सगळे फस्त. मिशीला मसाला लागलेला. मोठ्या रुबाबात म्हणाले, "हा डबा कुणाचा ते मला कळत नाही असं समजू नका." आणि मग रिकामा डबा काकांच्या हातात ठेवला. काका म्हणतात, "मासे खाताना कळलं नव्हतं का?" मी असते तर हेच विचारलं असतं. वर पुन्हा दाजींच्याच उलट्या बोंबा.

पण पुढचं ऐकून मी खुर्चीतून उडीच मारली. काकांनी तिथल्या तिथे धीर करून विचारलं, "हॉटेलचे बारा परदेशी पाहुणे कुणाच्या तरी घरी जेवायला आणायचेत. गावात कुणाचं घर बरं?" दाजी उठून उभे राहिले. म्हणाले, "बरं म्हणजे? बदावीचं घर असताना दुसऱ्याच्या घरी? तलाकची शपथ, पाहुणे माझ्याच घरी जेवतील! आणि पैशाचं नाव काढलंत तर याद राखा." झालं. तुला पुन्हा एकदा सोडलं, आणि माझं काम झालं.

काकांनी माझं नाव घेतलं नाही. दाजींनीही विचारलं नाही की बरोबर कोण येणार. आपण दोघींनी पण सांगायचं नाही.

रावया

*

हुरघाडा, १४ नोव्हेंबर

लाडक्या ताई,

पुढच्या गुरुवारी. एकवीस तारीख. पर्यटन पोलिसांची परवानगी आली, लहान बस मिळाली, माणसं बारा भरली. मला दोन रात्री झोप नाही. मी समुद्राकडे बघते तर मला त्यात मुलूखियाच्या हिरव्या पातळ भाजीचं पातेलं दिसतं.

डब्यातला वाळवलेल्या भेंडीचा चुरा पोचला. कामिलसाहेबांना वास दिला, म्हटलं, हेच ते जेवण. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि मग विचारलं, "अजून आहे का?" त्यांची आजी म्हणे आपल्याच भागातल्या सोहागची होती. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता पाहुण्यांबद्दल. बेल्जियमचं एक म्हातारं जोडपं आहे, ती दोघं सगळ्याचं कौतुक करतात, उशीचंसुद्धा. चार पोलिश मैत्रिणी आहेत, मोठमोठ्याने हसतात, त्यांना मिरची चालते. एक जर्मन बाप आणि त्याची मोठी मुलगी, ती मांस खात नाही, तिला वांगं कर. बाप खातो, पण मुलीपुढे खात नाही, त्याला आत स्वयंपाकघरात बोलावून एक कबूतर दे. आणि हॉलंडच्या योकेबाई, त्यांच्या बहिणीसह आणखी तिघीजणी. योकेबाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि प्रश्न फार विचारतात. त्यांना वाटेल ते सांग, त्या लिहून घेतील.

कबुतरं भातानेच भर, फ्रीकचा गहू नको, परदेशी लोकांना तो दाताखाली खडा वाटतो. मुलूखियात लसणाची फोडणी घालताना तू ते हुंकारतेस ना, आईसारखं, ते पाहुण्यांसमोर कर. त्याने चव येते असं मी त्यांना सांगून ठेवलंय.

देर अल-मदीनात मी त्यांना काय दाखवणार ते तुला सांगते, कारण तुला ते आवडेल आणि घराच्या इतकं जवळ असून तू कधी गेली नसशील. तिथे घरांचे पाये आहेत नुसते, गुडघ्याएवढ्या भिंती. एकेक घर इतकं चिंचोळं की नवरा-बायको भांडली तर तिसऱ्या घरात ऐकू जावं. आणि तिथे दगडाच्या कपच्यांवर लिहिलेलं सापडलंय की कोण कामावर आला नाही आणि का. एकाला विंचू चावला. एकजण घरी दारू गाळत होता. एकाचं बायकोशी भांडण झालं. राजांच्या दरीत सोन्याचे देव आहेत खरे, पण मला त्या तीन हजार वर्षांपूर्वी भांडून रजा घेतलेल्या माणसाचंच जास्त वाटतं. त्याची बायको काय म्हणाली ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

मी बसमध्ये बसेन. बस मदीनत हाबूच्या भिंतीच्या सावलीला उभी राहील आणि शाझलीकाका माझ्यावर पहारा करतील. गाईड मुलगी पाहुण्यांना तुझ्या घरी आणेल. तू दारात उभी राहून त्यांना 'या' म्हणशील तेव्हा मी बघेन. तेवढ्यापुरती तू त्या निळ्या झग्यात ये, काळ्यात नको.

मला काय होतंय ते लिहिता येत नाही. ईदच्या आदल्या दिवशी व्हायचं तसं होतंय.

तुझी रावया

*

हुरघाडा, २३ नोव्हेंबर

ताई,

दाजी तुला गुरुवारची गोष्ट त्यांच्या पद्धतीने सांगत असतील. गावाला पण सांगत असतील. तू त्या वेळी आत पातेल्यांत होतीस, बाहेर काय घडलं ते तुला फक्त त्यांच्या तोंडून कळलंय, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

मी बसमध्ये बसेन असं लिहिलं होतं. बसले नाही. तू दारात आलीस, निळ्या झग्यात, आणि योकेबाईंचा हात दोन्ही हातांत धरून त्यांना आत नेलंस, आणि दार उघडंच राहिलं. आतून लसणाचा वास आला. आणि तू हुंकारलीस. शाझलीकाका म्हणाले, "बस खाली." मी म्हटलं, फक्त भिंतीपर्यंत जाते. मग भिंतीपासून तुझ्या ओट्यापर्यंत काही फार अंतर नाही. डोक्यावर हॉटेलची टोपी होती, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात ते ओळखपत्र. मी ओट्यापासून चार हात लांब उन्हात उभी राहिले. आत जायचं नव्हतंच. फक्त ऐकायचं होतं. आतमध्ये पोलिश मुली हसत होत्या आणि तू त्यांना आपल्या भाषेत बजावत होतीस, "खा गं, खा, काय चिमणीसारखं टिपताय!" आणि त्या खात होत्या.

तेवढ्यात तो जर्मन बाप कबूतर खाऊन ओठ पुसत बाहेर आला आणि सिगरेट पेटवून माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. म्हणाला, असं जेवण जन्मात जेवलो नाही, मुलीला सांगू नका. मी पण इंग्रजीत म्हटलं, नाही सांगणार.

आणि समोरून दाजी आले.

ते घरी नव्हते ते तुला ठाऊकच आहे. कालव्याचं पाणी सुटलं, त्यांची पाळी होती, ऐन जेवणाच्या वेळी उसाला पाणी द्यायला जावं लागलं. पाहुण्यांना सोडून जावं लागलं म्हणून आधीच चडफडत आले असणार. झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पाय चिखलाने भरलेले, खांद्यावर फावडं. बघतात तर काय, घरात बारा माणसं जेवतायत आणि पाहुण्यांना घेऊन आलेली हॉटेलची बाई दाराबाहेर उन्हात उभी. इंग्रजी बोलतेय, म्हणजे कैरोची असणार. बदावीच्या दारात उपाशी पाहुणा! त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांची म्हैस सोडून नेली.

"बाई, बाहेर का उभ्या?" मी मान हलवली, तोंड उघडलं नाही. "जेवलात?" मी पुन्हा मान हलवली. झालं. फावडं भिंतीला टेकवलं, छातीवर हात ठेवला आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "तलाकची शपथ! तुम्ही माझ्या घरात येऊन, बसून, जेवल्याशिवाय या जागेवरून हलायचं नाही!"

ताई, मी ठरवून काही केलं नाही. खरंच नाही. माझा हात आपोआप गेला आणि मी चष्मा काढला.

दाजी बघतच राहिले. आधी त्यांना कळेना. मग कळलं. मग त्यांनी हळूच आपल्याच तोंडावर हात ठेवला, पण शब्द बाहेर पडून गल्लीच्या टोकाला पोचला होता. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी उम्म बरकात म्हणाली, "अरे बदावी! आत आली तर इन्साफ गेली, नाही आली तरी इन्साफ गेली!" इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये दाजी, चिखलाच्या पायांनी. शाझलीकाका बसमधून धावत आले आणि म्हणाले, "मी हिला बस खाली म्हटलं होतं." त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

"तू इथून जा," दाजी मला म्हणाले. मी म्हटलं, "कशी जाऊ? तुम्हीच शपथ घातलीत." "मग आत ये." "कशी येऊ? तीपण तुम्हीच घातलीत." "मग मी काय करू?" असं ते मला विचारत होते, ताई. मला. ज्यांनी एका ओळीत मला घराबाहेर काढलं, तेच दाजी डोळ्यांत पाणी आणून मला विचारत होते की मी काय करू. मला आधी हसू येत होतं. मग आलं नाही. कारण माझ्या एकदम लक्षात आलं की इथे जे काही जाणार आहे ते माझं नाही, दाजींचं पण नाही. तुझं आहे. मी काचेतून बघते म्हटलं होतं आणि तुझा संसार उचलून रस्त्यावर आणून ठेवला होता.

मग तू आलीस.

पुढचं तू पाहिलंस, पण तू इतकी तापली होतीस की तुला तुझे शब्द आठवणार नाहीत, म्हणून मी ते लिहिते. हातात पळी होती, तिच्यातून मुलूखिया गळत होती. उम्म बरकातने वरून सगळं तुला एका दमात सांगितलं. तू दाजींकडे बघितलंस, ओरडली पण नाहीस. म्हणालीस, "बदावी, मी तुझी भांडी घासली, तुझ्या आईची सेवा केली, तुझी पोरं वाढवली, आणि तू मला आयुष्यभर चहाच्या कपावर पणाला लावत आलास. आता ही आत आली तरी मी सुटले आणि बाहेर राहिली तरी सुटले, असंच ना? मग माझी बहीण जेवून तरी जाऊ दे."

आणि पळी दाजींच्या हातात दिलीस, माझं मनगट धरलंस आणि ओढलंस.

उंबऱ्यावर मी पाय रोवले. मी म्हटलं, ताई, नको. तू म्हणालीस, "चल." तुझा आवाज ठणठणीत होता. पण तुझा हात मला इतका घट्ट लागत होता की अजून वळ आहे. आत आल्यावर तू मला आधी थप्पड मारलीस, मग जवळ घेतलंस, मग ताट वाढलंस. थप्पड मला पटली. मी काय जेवले ते मला सांगता येणार नाही.

जेवणं झाल्यावर दाजी तसेच चिखलाच्या पायांनी मशिदीच्या शेखसाहेबांकडे पळाले ते तुला ठाऊक आहे. पण परत आले तेव्हा बस सुटत होती आणि ते आधी घरी गेले नाहीत, बसच्या मागे धावले. काकांनी ब्रेक मारला. दाजी माझ्या खिडकीशी येऊन धापा टाकत म्हणाले, "ती माझी बायको आहे! अजून आहे! शेखसाहेब म्हणाले, बायको सोडायचं मनात नसताना नुसत्या दमदाटीला घेतलेली शपथ, तिने तलाक होत नाही. प्रत्येक शपथेला दहा गरिबांना जेवू घालायचं, झालं." मी विचारलं, "जुन्या शपथेचं पण?" म्हणाले, "तिचं पण." मग म्हणाले, "हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी कधी विचारलंच नाही." आणि शेखसाहेबांनी त्यांना आणखी काय सुनावलं, तेही त्यांनी मला स्वतःच सांगितलं. "तुझी जीभ आहे की नाईलची फेरीबोट, दिवसभर इकडून तिकडे?" असं म्हणाले म्हणे. हे ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगितलं.

म्हणजे ताई, तू माझं मनगट धरलंस तेव्हा यातलं काहीच तुला ठाऊक नव्हतं. दोन दिवस झाले, मी त्याच एका गोष्टीशी येऊन थांबते.

आता हॉटेलची गंमत. पाहुण्यांनी दारातला सगळा प्रकार पाहिला होता, ते तर टाळ्या वाजवत होते, आठवतं? तुला वाटलं जेवणासाठी. परतीच्या वाटेवर योकेबाईंनी मला विचारलं, "ते नाटक फार सुंदर बसवलंय. दर आठवड्याला हेच कलाकार असतात का?" बेल्जियमच्या आजोबांना तू फार आवडलीस, म्हणाले, मोठी नटी आहे. मी मनगटावरचा वळ चोळत बसले. आज सकाळी त्या बाराही जणांनी कामिलसाहेबांकडे जाऊन इतकी स्तुती केली की साहेबांनी मला बोलावून खुर्ची दिली. म्हणाले, "सहल तुझी. दर गुरुवारी. ते दारातलं भांडण मात्र दर वेळी हवं, लोकांना तेच जास्त आवडलंय. त्या घराशी पक्कं कर."

इतके दिवस याच वाक्यासाठी मी झुरत होते, आणि ते ऐकून मी म्हटलं, "साहेब, देर अल-मदीना घ्या, मदीनत हाबू घ्या. जेवणाला मी दुसरं घर बघते. त्या घरात पाहुणे घेत नाहीत."

खोटं बोलले. घेतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मी तिथे पुन्हा पाहुण्यांच्या मागून जाणार नाही.

शुक्रवारी नमाजानंतर येते. टोपी नाही, चष्मा नाही, बस नाही. एकटी येते, आणि मुक्कामाला येते. आईची खोली झाडून ठेव.

रावया